सोसायटीच्या ग्रुपवर: पूलमध्ये दोरी आडवी की उभी?

बी-४०४: कमिटी, आज परत तेच. सकाळी ७ ला मी लॅप्स मारतोय आणि मधोमध चौघं गप्पा मारत चालतायत. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) समुद्रात १.९ किमी पोहायचंय, आपला पूल १५ मीटरचा, म्हणजे १२७ वेळा भिंत गाठायची आणि दर वेळी कोणाला तरी वळसा 🙏

ए-१०२: अरे बाळा त्या चौघांत मी पण होते. गुडघा बदललाय माझा, फिजिओने पाण्यात चालायला सांगितलंय, हौस नाहीये

बी-४०४: काकू तुमच्याबद्दल नाही हो. पण चालायला उथळ बाजू आहे ना

ए-१०२: तिथे ३ फूट पाणी. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर अंगाचा निम्मा भार राहतोच, छातीपर्यंत गेलं की जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून ४ फुटात जाते. शिवाय उथळ बाजूला मुलांचा बॉल, परवा डोक्यात बसला

सी-७०१: बॅचेस पाडा सरळ. ६ ते ७ पोहणारे, ७ ते ८ सीनियर, लेडीज १० ते ११, मुलं संध्याकाळी

सी-२०३: हो का, १० ते ११ ला आम्ही ऑफिसातून येऊ पोहायला? दर मीटिंगला लेडीज बॅच बरी भर उन्हातच सापडते तुम्हाला

बी-६०३: बॅच नको, दोरी टाका. पण मागच्या मे महिन्यात आडवी टाकली होती तशी नाही, त्याने पोहणाऱ्याला अर्धाच पूल मिळतो आणि काकू खोल बाजूला अडकतात नाहीतर मुलांत. उभी टाका, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गेटकडची भिंत पोहणाऱ्यांची, तिघं आरामात मावतात, जाताना येताना दोन्ही वेळा डावी बाजू धरायची, रस्त्यासारखं. रेलिंगकडची बाजू चालणाऱ्यांची, धरायला दांडी पण आहे. मुलं उथळला, बॉल फक्त संध्याकाळी

सी-७०१: मेंटेनन्स सगळे सारखा भरतात आणि एकट्यासाठी अख्खी लेन?

बी-६०३: एकट्याची कुठे, जो सलग पोहेल त्याची. तुम्ही या की

सेक्रेटरी: दोरी पंप रूममध्ये आहे, हुक एकाच बाजूला आहेत, प्लंबरला सांगतो. रविवारपर्यंत ट्रायल करू. आणि कृपया शॉवर घेऊन उतरा, पूलमध्ये डोळे चुरचुरण्याचा प्रकार नुसत्या क्लोरीनचा नाही, घाम नि लघवी मिसळते त्याचा आहे

ए-१०२: लघवीचं मुलांच्या आईबाबांना वेगळं सांगा

सी-२०३: आणि १० ते ११ चं काय ठरलं?

बी-६०३: ती बॅच ७०१ ला द्या, वर्क फ्रॉम होम आहेत ते