चर्चा: कवींनो, 'ऋणातच राहू दे' म्हणणं आता पुरे

वसुलीवाला, यवतमाळ जिल्हा
मातीचं ऋण, आईचं ऋण, गुरूचं ऋण. दर दुसऱ्या कवितेत कोणीतरी ऋणी असतो आणि 'ऋणातच राहू दे' म्हणून टाळ्या घेतो. मी गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीत काम करतो. ऋणात राहायला आवडणारा एकही सभासद आजवर भेटला नाही. मार्चअखेर नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, हातउसने पैसे शोधत फिरणारे तेवढे भेटतात. चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी १९८६ मध्ये कुटुंबासह जीव दिला, तो याच जिल्ह्यातला शेतकरी. इथं हा शब्द वापरायचा तर व्याजासकट वापरा.

पोथीवाचक
मग तुकोबांचं काय करायचं? घरची महाजनकी, दुष्काळात सगळं बुडालं, आणि हा माणूस म्हणतो, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. सावकारीची भाषा त्यांना उसनी आणावी लागली नाही.

वसुलीवाला, यवतमाळ जिल्हा
तुकोबांचं येणं होतं, देणं नव्हे. कर्जखतं वाटून घेतली, भावाचा हिस्सा त्याला दिला आणि आपला तेवढा इंद्रायणीत बुडवला, असंच परंपरा सांगते ना? आमचे कवी बुडवतात ते दुसऱ्याचं.

तूरवाला
काहून तापता भाऊ? माया बापानं सावकाराचंबी फेडलं अन् बँकेचंबी. पन एका सालात दुबार पेरनी आली तवा आत्यानं पाटल्या मोडून पैसे देल्ले. सासरी बोलनी खाल्ली तिनं. पाटल्या नव्या करून देता येतीन, बोलन्याचं काय? ते कोन्या वहीत लिवाचं? बाप म्हनते, बहिनीचं ऋन हाय. दुसरी भाषा असन तुमच्यापाशी तर सांगा.

लेकीची माय
मला यात वेगळंच खटकतं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, सगळी जन्मतःच डोक्यावर. सही नाही, अंगठा नाही. बाप गेला की थकबाकी वारसावर येते, तेच कवी चालीत म्हणतात. 'आईबापाचे पांग फेड' ऐकून किती पोरींनी मुकाट्यानं लग्नं केली! वसुलीवाले, तुमच्या खात्यातली निम्मी माणसं कविताच करतात हो.

वसुलीवाला, यवतमाळ जिल्हा
हे आवडलं. तूरवाले, आत्याचं मान्य. पण कविता करायची तर तिनं करावी. घेणाराच 'ऋणात राहू दे' म्हणतो तेव्हा मला थकबाकीदार दिसतो.

तूरवाला
म्हंजे घेनाऱ्यानं थँक्यूबी म्हनू नये? वा रे हिशेब! बाप रडते ते खोटं हाय का?

पोथीवाचक
२००८, २०१७, २०१९, कर्जमाफ्या झाल्या. वेळेवर फेडून ओट्यावर गप बसलेल्या माणसावर कोणी कविता केली असेल तर इथं टाका. मला एकही आठवत नाही.

लेकीची माय
तो कविता वाचत नाही, म्हणून.