‘टीकाकार’ की ‘समीक्षक’? निमित्त : मार्गारेट फुलर

प्रश्न : एका टिपणात मी असे वाक्य लिहिले आहे : ‘अमेरिकन टीकाकार मार्गारेट फुलर यांनी १९ जुलै १८५० रोजी जलसमाधी घेतली.’ यातील ‘टीकाकार’ एका स्नेह्यांना खटकला. तो बदलावा का?

उत्तर : बदलावा. जुन्या मराठीत टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडणारे विवरण, आणि त्या अर्थाने ज्ञानेश्वर हे गीतेचे टीकाकार; आज मात्र ‘टीका केली’ म्हटले की दोष काढले, एवढेच वाचकाच्या मनात येते. फुलर यांनी दोष काढले नाहीत असे नाही. लाँगफेलो यांची कविता कृत्रिम आणि अनुकरणाची आहे, हे त्यांनी डिसेंबर १८४५ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या दैनिकात भीडभाड न ठेवता लिहिले, परंतु त्याच वर्षीच्या जूनमध्ये, गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनाचे त्यांनी त्याच पत्रात मनापासून स्वागत केले होते.

‘समीक्षक’ म्हणजे नीट, सर्व बाजूंनी पाहणारा, आणि हा शब्द त्यांच्या स्वतःच्या विचाराशी जुळतो. जुलै १८४० मध्ये ‘द डायल’ या त्रैमासिकाच्या पहिल्याच अंकात (संपादनही त्यांचेच) त्यांनी समीक्षकांवर छोटा निबंध लिहून त्यांचे तीन वर्ग पाडले : आपल्या मनावर उमटलेला ठसा तेवढा सांगणारे, स्वतःला विसरून लेखकाच्या अंतरंगात शिरणारे, आणि तसे शिरून, कृतीला तिच्याच नियमाने तोलून, पुन्हा बाहेर येऊन व्यापक पटावर तिची जागा ठरवणारे. दुसऱ्या वर्गाच्या कर्तबासाठी आपल्याकडे ‘परकायाप्रवेश’ हा नेमका शब्द आहे, पण त्या कायेतून परत येणे ज्याला जमते तोच, माझ्या मते, समीक्षक. ‘परीक्षक’ नको; ‘पुस्तकपरीक्षण’ चालते, पण ते करणाऱ्याला परीक्षक म्हटले की वक्तृत्वस्पर्धेतले गुण डोळ्यांसमोर येतात.

पूरक प्रश्न : मग ‘समीक्षिका’ म्हणावे का?

उत्तर : ‘संपादिका’ रुळला, ‘समीक्षिका’ अजून कानाला टोचतो, मी ‘समीक्षक’च ठेवीन. ‘ट्रिब्यून’मधल्या लेखांखाली त्या नावाऐवजी नुसती एक तारका छापत, त्यामुळे लिंगाचा प्रश्न तिथे उठतच नसे.

तुमच्या वाक्यातली मोठी चूक मात्र ‘घेतली’ ही आहे. जलसमाधी घेतली जाते ती स्वेच्छेने. इटलीहून न्यूयॉर्कला निघालेले ‘एलिझाबेथ’ हे जहाज वादळात फायर आयलंडजवळ, किनारा डोळ्यांना दिसत असताना, वाळूच्या दांड्यावर रुतून फुटले आणि त्यात फुलर, त्यांचे जोडीदार ओस्सोली आणि दोन वर्षांचेही न झालेले मूल बुडून मरण पावले. ‘जहाजाला जलसमाधी मिळाली’ हे वर्तमानपत्री मराठीत खपून जाते. माणसांविषयी ‘बुडून मृत्यू’ असेच लिहावे. रोममधील क्रांतीवरचे त्यांचे हस्तलिखितही तेव्हाच गेले. अमेरिकन लेखक थोरो किनाऱ्यावर शोधायला गेले होते, पण ते सापडले नाही.