शब्दचर्चा : वकील, हेर आणि ‘फुटलेली’ तार

रात्रपाळी
‘डिप्लोमॅटिक केबल लीक’ या तीनही शब्दांना मराठी प्रतिशब्द हवे आहेत. संदर्भ २०१०च्या विकिलीक्स प्रकरणाचा, म्हणजे अमेरिकी वकिलातींचे अंतर्गत संदेश त्या संकेतस्थळाने उघड केले त्याचा. ‘डिप्लोमॅटिक’ला कुणी राजनैतिक लिहितो, कुणी मुत्सद्दी, कुणी कूटनीतिक. ‘केबल’चे काय करायचे ते कळत नाही. ‘लीक’ला गळती, फुटणे, उघड होणे असे सगळेच चालते. नेमका फरक कोणता?

मोडीवाली
‘कूटनीतिक’ आधी बाजूला ठेवा. हिंदीत कूटनीति म्हणजे साधा परराष्ट्रव्यवहार. मराठी कानाला मात्र ‘कूट’ म्हटले की कपटच ऐकू येते, त्यामुळे राजदूताला कूटनीतिज्ञ म्हटले तर त्याच्यावर आरोप केल्यासारखे होते. मराठीत ‘राजनैतिक’ रूढ आहे. त्यातही एक खड्डा आहे : हिंदीतला ‘राजनीतिक’ म्हणजे आपला ‘राजकीय’, आणि हिंदीतला ‘राजकीय’ म्हणजे आपला ‘सरकारी’. हिंदी वृत्तसंस्थेची बातमी घाईत मराठीत आणताना हे तीन शब्द हमखास एकमेकांच्या जागी बसतात.

‘मुत्सद्दी’ची मजा वेगळीच. फारसीतला मुतसद्दी म्हणजे कारकून, हिशेबनीस, कामावर नेमलेला अधिकारी. मोगलांच्या सुरत बंदराच्या मुख्य अंमलदारालाही मुतसद्दीच म्हणत. मराठीत त्याचा धोरणी राजकारणी झाला. म्हणून तो माणसाचा गुण सांगायला वापरावा, खात्याचे नाव म्हणून नव्हे. वकिलातीतला दुय्यम सचिव राजनैतिक अधिकारी असतो. तो मुत्सद्दी आहे की नाही हे त्याचे काम बघून ठरेल.

रुमाल क्रमांक सात
मोडीवालीताई, ‘वकील’ राहिला. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो, अरबीतून आलेला. १७८४ साली शाह आलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक केले आणि महादजी शिंद्यांनी त्यांच्या वतीने तो अधिकार चालवला, म्हणजे एके काळी हा शब्द बादशाहीतल्या सर्वोच्च पदापर्यंत पोचला होता. पेशव्यांचे दिल्लीतले हिंगणे किंवा निजामाकडचे काळे हेही वकीलच. इंग्रजी अंमलात न्यायालये आली आणि वकील काळ्या कोटात गेला. पण वर्तमानपत्रातली ‘वकिलात’ अजून जुन्याच जागी आहे. वकिली कोर्टात चालते, वकिलात परदेशात असते. एका ‘त’ने जुना अर्थ धरून ठेवला आहे.

वकिलाच्याही आधीच्या कागदांत ‘हेजीब’, म्हणजे बोलणी करायला पाठवलेला दूत, भेटतो. १६५९च्या प्रतापगड प्रकरणात दोन्हीकडून हेजीब फिरत होते. शिवाजी महाराजांचे पंताजी गोपीनाथ खानाच्या छावणीत गेले ते बोलणी करायला. सभासद बखरीप्रमाणे तिथल्या मुत्सद्द्यांना पैसा चारून खानाच्या मनात काय आहे तेही त्यांनीच काढून आणले. आता त्यांना राजदूत म्हणायचे की हेर? बखरीला हा प्रश्नच पडलेला नाही.

दौतटाक
बहिर्जी नाईक मात्र हेरच. त्यांना कुणी हेजीब म्हणत नाही.

रुमाल क्रमांक सात
बरोबर, कारण ते उघड नावाने कुणाच्या दरबारात बसत नव्हते. माहिती कोणती आणली यावर हेर ठरत नाही. कोणत्या नावाने, कोणत्या दाराने आत गेला यावर ठरतो. ‘हेरणे’ हे क्रियापद पाहा. नुसते बघणे नाही. समोरच्याला न कळता टिपून ठेवणे.

आणखी तीन शब्द जागा बदललेले आहेत. ‘जासूद’ मुळात गुप्तहेर, अरबी ‘जासूस’चे मराठी रूप. पेशवाईच्या पत्रांत मात्र तो बहुतेक वेळा पत्रे पोचवणारा असतो आणि जोडीने धावतो; ‘जासूद जोडी रवाना केली’ असा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्यामुळे जुन्या पत्रातल्या प्रत्येक जासुदाला हेर म्हणणे ही अनुवादातली नेहमीची चूक. ‘अखबार’ म्हणजे दरबारात आज काय घडले त्याचा रोजचा लेखी अहवाल. मोगल दरबारात मोठ्या सरदारांचे वकील पदरी लेखक ठेवून हे अखबार लिहून घेत आणि धन्याकडे पाठवत. हे चोरून नव्हे, राजरोस. चोरून लिहिणारा वेगळा, त्याला ‘खुफियानवीस’ म्हणत. उघड लिहिणारा तो ‘वाकेनवीस’. आपल्याकडचे वाकनीस आडनाव तिथून आले. पारसनीस, चिटणीस, डबीर हीसुद्धा याच कचेरीतली मंडळी. डबीर म्हणजे परराष्ट्रव्यवहार बघणारा. राज्याभिषेकाच्या वेळी त्याचे ‘सुमंत’ झाले.

तिसरा ‘बातमीदार’. तो पूर्वी गुप्त माहिती आणणारा होता, आता वार्ताहर झाला. पोलीस खात्यात जुना अर्थ किंचित शिल्लक आहे : महाराष्ट्रात आजही ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ आहे आणि त्यातल्या ‘वार्ता’चा पत्रकारितेशी काही संबंध नाही.

पोटकलम
कायदा रुमालरावांच्याच बाजूने आहे. राजनैतिक संबंधांवरचा १९६१चा व्हिएन्ना करार, अनुच्छेद ३ : यजमान देशातली परिस्थिती जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणे हे वकिलातीचे कामच आहे. अट एकच, ‘सर्व कायदेशीर मार्गांनी’. मंत्र्याबरोबर जेवताना आघाडी टिकेल का असे विचारून ते रात्री कळवणे हे राजनैतिक काम. त्याच मंत्र्याच्या लेखनिकाला पैसे देऊन टिपणाची प्रत घेणे ही हेरगिरी. निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघू शकतो, वाक्यही तेच असू शकते.

पकडला गेला तर पुढे काय, हेही शब्दांनी ठरते. राजनैतिक अधिकाऱ्याला अनुच्छेद २९मुळे अटक होत नाही आणि अनुच्छेद ३१मुळे त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही. यजमान देशाच्या हातात उरतो अनुच्छेद ९ : कारण न देता त्याला ‘अस्वीकार्य व्यक्ती’ ठरवणे. मग त्याच्या देशाने त्याला परत बोलवायचे. नाही बोलावले तर त्याला वकिलातीचा सदस्य मानणे यजमान बंद करू शकतो. बातम्यांत ‘हकालपट्टी’ लिहितात ते परिणामाच्या दृष्टीने ठीक आहे, पण ‘हद्दपारी’ लिहू नये. हद्दपारी पोलीस किंवा न्यायालय करते, आणि इथे ते दोघेही नसतात. ‘दर्जाशी विसंगत कृत्ये’ हा निवेदनातला ठरलेला शब्दप्रयोग दिसला की हेरगिरी असे वाचावे.

राजनैतिक पद नसलेल्या, व्यापारी किंवा विद्यार्थी म्हणून राहणाऱ्या हेराला यातले कोणतेही कवच नाही. पहिल्याला विमानाचे तिकीट मिळते, दुसऱ्याला तुरुंग.

रात्रपाळी
तुरुंगातल्या माणसाला वकिलातीचे लोक भेटतात, त्याला ‘राजनैतिक संपर्क’ म्हणतात ना?

पोटकलम
म्हणतात, आणि ते चूक आहे. पाकिस्तानने हेर म्हणून तुरुंगात टाकलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात कितीतरी मराठी बातम्यांत हीच चूक झाली. ते हेर आहेत हा पाकिस्तानचा दावा. ते निवृत्त नौदल अधिकारी असून इराणमधून पळवून नेले गेले ही भारताची भूमिका. मागणी होती ती ‘वाणिज्यदूत संपर्का’ची, १९६३च्या वेगळ्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६खाली. राजनैतिक अधिकारी सरकारशी बोलतो, वाणिज्यदूत आपल्या नागरिकांची काळजी घेतो. १७ जुलै २०१९च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितले की पाकिस्तानने या अनुच्छेदाचा भंग केला; हेरगिरीचा आरोप आहे म्हणून तो गैरलागू होत नाही. शब्द चुकला की वाचकाला वाटते जाधवांना राजनैतिक संरक्षण होते. तसा दावा भारताने केलेलाच नाही.

मोडीवाली
आता ‘केबल’. समुद्राखालच्या तारायंत्राच्या काळातला शब्द तसाच चिकटून राहिला आहे. आज जातो तो संगणकावरचा संदेश. मराठीत ‘तार’ म्हटले तर तोच इतिहास आपोआप येतो, म्हणून मला तो आवडतो. फुटलेल्या तारांचा साचा ठरलेला आहे. वर संदर्भ क्रमांक : वर्षाचे दोन आकडे, ठाण्याचे नाव, अनुक्रमांक. मग गुप्ततेचा दर्जा, आणि तो कोणी, कोणत्या कारणाने दिला. पहिल्याच परिच्छेदात सारांश, मग क्रमांक घातलेले परिच्छेद. शेवटच्या भागात ‘टिप्पणी’. अनुवाद करताना ही टिप्पणी वेगळी दाखवलीच पाहिजे, कारण वरचा मजकूर समोरचा काय म्हणाला तो असतो आणि खालचा राजदूताला काय वाटले तो. २०१०मध्ये अमुक नेता असे म्हणाला म्हणून गाजलेली काही वाक्ये प्रत्यक्षात टिप्पणीतली होती.

दौतटाक
आणि ‘अतिगोपनीय’ शब्द आवरा. त्या संचात २,५१,२८७ तारा होत्या. त्यांतल्या १,३३,८८७ना गुप्ततेचा दर्जाच नव्हता, १,०१,७४८ ‘गोपनीय’ आणि १५,६५२ ‘गुप्त’. परमगुप्त एकही नाही. अमेरिकी उतरंडीत गोपनीय ही सर्वांत खालची पायरी : उघड झाल्यास ‘हानी’. गुप्तला ‘गंभीर हानी’, परमगुप्तला ‘अत्यंत गंभीर हानी’. मराठीत ‘गोपनीय’ला उगाच वजन आहे, मंत्र्यांच्या शपथेमुळे असेल. अनुवादात पायरी बदलली की बातमी खोटी होते.

त्या फुटल्या कशा, हेही एका शिक्क्यात आहे. तारेवर ‘सिपडिस’ अशी खूण असली की ती संरक्षण खात्याच्या सिपरनेट जाळ्यावर आपोआप जाई. ११ सप्टेंबर २००१नंतर खात्यांनी एकमेकांपासून माहिती लपवू नये म्हणून ही देवाणघेवाण वाढवली होती. परिणामी लाखो लोकांना दार उघडे झाले आणि बगदादजवळच्या तळावरचा एक कनिष्ठ विश्लेषक पुरेसा ठरला.

मोडीवाली
म्हणून ‘गळती’ नको. गळती नळाला लागते, तिला कर्ता नसतो. मराठीत ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ अशी जोडी आहे. गुपित फुटले म्हटले की कोणी केले ते झाकलेले राहते, फोडले म्हटले की कुणीतरी जबाबदार होतो. आणि ‘फोडणे’ची व्याप्ती पाहा : लखोटा फोडतात, पेपर फोडतात, गुपित फोडतात आणि माणूसही फोडतात. शत्रूचा अधिकारी आपल्याकडे वळवणे आणि कागद बाहेर काढणे ही दोन्ही कामे एकाच क्रियापदात बसतात. संस्कृत ‘भेद’ही असाच आहे. साम-दाम-दंड-भेद यातला भेद म्हणजे माणसे फोडणे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ ग्रंथातला ‘मंत्रभेद’ म्हणजे मसलत फुटणे. पोपट आणि मैनांमुळेही मसलती फुटल्याचे ऐकिवात आहे, असे कौटिल्य गंभीरपणे सांगतो. दूताने मद्य टाळावे आणि एकटे झोपावे, कारण झोपेत आणि नशेत मनातले कळते, हेही त्यानेच सांगितले आहे. आजच्या वकिलातींच्या सुरक्षा-प्रशिक्षणात पोपट वगळून फारसे वेगळे काही नसावे. आपला ‘षट्कर्णी’ याच कुळातला : दोघांचे बोलणे तिसऱ्याच्या कानी गेले की सहा कान झाले, गुपित संपले.

दोन्हीकडून पगार घेणाऱ्याला कौटिल्य ‘उभयवेतन’ म्हणतो. ‘दुहेरी हेर’पेक्षा किती नेमका! पैसा कुठून येतो यावरच बोट.

पोटकलम
कायदासुद्धा या दोन ‘फोडण्यां’त फारसा फरक करत नाही, आणि खरी गफलत तिथे आहे. भारताचा शासकीय गुपिते अधिनियम १९२३चा. कलम ३ हेरगिरीचे, कलम ५ माहिती अनधिकृतपणे देण्याचे, आणि जाणूनबुजून घेण्याचेही. एकाच कायद्यात शेजारी शेजारी असल्याने पत्रकाराला कागद देणारा आणि शत्रूला नकाशा देणारा बातमीत एकाच विशेषणाने येतात. अमेरिकेत १९१७च्या हेरगिरी कायद्याचे तेच. विकिलीक्सचा संस्थापक असांजने जून २०२४मध्ये कबूल केलेला गुन्हा याच कायद्याखालचा होता, तो कुठल्या देशाचा हेर असल्याचा आरोप नसतानाही. म्हणून ‘हेरगिरी कायद्याखाली दोषी’ आणि ‘हेर’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवा.

२०१९च्या राफेल लढाऊ विमानांच्या खरेदी प्रकरणात, वर्तमानपत्रात छापून आलेल्या सरकारी कागदांबाबत, शब्द कसा फिरला तेही पाहा. सरकारी बाजूने आधी कागद ‘चोरीला गेले’ असे न्यायालयात सांगितले, दोनच दिवसांनी ‘छायाप्रती वापरल्या’ असा खुलासा केला. मूळ कागद जागेवरच असेल तर ‘चोरी’ कशाची? १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ते कागद विचारात घ्यायला हरकत नाही असे ठरवले. माहिती अधिकाराचे कलम ८(२) तिथे महत्त्वाचे : सार्वजनिक हित जास्त असेल तर १९२३चा कायदा आड येत नाही.

रुमाल क्रमांक सात
‘खलिता’ सांगायचा राहिला. मुळात ती थैली. तिच्यातून राजपत्र येई, म्हणून पत्रालाच खलिता म्हणू लागले. व्हिएन्ना करारातली राजनैतिक थैली म्हणजे पुन्हा मूळ अर्थावर आलो.

पोटकलम
थैलीतही भेद आहे. राजनैतिक थैली उघडता येत नाही, अडवताही येत नाही. बाहेरून खूण दिसली पाहिजे आणि आत फक्त सरकारी वापराच्या वस्तू. वाणिज्यदूताच्या थैलीबद्दल गंभीर संशय असेल तर आपल्यासमोर उघडा असे म्हणता येते. नकार दिला तर ती आली तिथे परत.

दौतटाक
तारांमध्ये काही नावांपुढे ‘कडेकोट जपा’ अशा अर्थाची सूचना असे. बोलणाऱ्याचे नाव बाहेर जाऊ नये म्हणून. त्या माणसाला काय म्हणायचे? वकिलातीच्या लेखी तो ‘संपर्क’, गुप्तवार्तेत ‘स्रोत’, पोलीस ठाण्यात ‘खबऱ्या’, वर्तमानपत्रात ‘सूत्र’. माणूस कधीकधी एकच.

मोडीवाली
‘खबऱ्या’ तारेच्या अनुवादात नको. त्यात पैसे घेतल्याचा वास आहे. ‘माहिती देणारा’ पुरे.

रात्रपाळी
मग मथळा असा करते : ‘अमेरिकी वकिलातींच्या तारा फुटल्या’.

रुमाल क्रमांक सात
तारा तुटतात हो, फुटत नाहीत. फुटतो तो मजकूर.

रात्रपाळी
‘अमेरिकी वकिलातींच्या तारांतला मजकूर फुटला, निम्म्याहून अधिक तारा गुप्त नव्हत्याच’. दोन ओळींत बसतो.