कोळी खात नसेल तर आधी पोट बघा

दोन महिने टॅरँट्युलाने, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याने, काहीच खाल्लं नाही, चिमट्याने भरवू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात भरवू नका. माझी मेक्सिकन रेड-नी जातीची टॅरँट्युला मादी मागच्या वर्षी तीन महिने उपाशी होती. ही जातच सावकाश वाढते, मादी 20 वर्षांहून जास्त जगते.

पोट टम्म असेल आणि त्यावरचं टक्कल (केस झडलेला भाग) काळपट पडलं असेल, तर कात टाकायची वेळ जवळ आलीय. सुरकुतलं असेल तर मात्र काळजी करा, पाण्याची बशी लगेच भरा. खायला सोडलेला रातकिडा खाल्ला नाही तर रात्री काढून घ्या. कात टाकताना कोळ्याचं अंग मऊ असतं, रातकिडा ते कुरतडतो. माझी कात टाकायला उताणी पडली तेव्हा मेलीच समजून मी रडले होते. मग मोज्यातून काढावा तसा एकेक पाय बाहेर आला! नंतर सुळे पांढरे दिसतात, ते काळे होईपर्यंत खाणं नको.

तुम्हाला कुणीतरी उबेसाठी बल्ब लावायला सांगितलंय. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या पुढे जातो, बल्ब कशाला? माझ्या कोळ्याचा डबा तेव्हा माठाशेजारी फरशीवर असतो. आणि घरातली झुरळं घालू नका, फवारणीचं विष त्यांच्या अंगात असू शकतं.