लग्नाच्या शूटिंगमधून सिनेमाकडे : कोर्सला साडेचार लाख भरावेत का?

कुर्डुवाडीकर

नमस्कार मंडळी. वय २५, बी.ए. झालंय. सात वर्षं मामाच्या फोटो स्टुडिओत लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतोय. तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागला की हळद, अक्षता, पाठवणी, रोज कुठं ना कुठं असतंच. पावसाळ्यात हात रिकामे.

सिनेमाचं डोक्यात बसलं ते 'फँड्री' पाहिल्यापासून. तेव्हा मी शाळेत होतो. जेऊर म्हणजे आमच्याच लाईनवरचं स्टेशन. तिथला माणूस, नागराज मंजुळे, आपल्या भागातली माणसं अशी पडद्यावर आणतो, हे बघून रात्रभर झोप नव्हती.

गेल्या पावसाळ्यात आजीवर ११ मिनिटांची फिल्म केली. आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण पहाटेच्या गाडीची शिट्टी झाली की आजी अजून उठते, चूल पेटवते आणि त्यांच्या डब्याच्या दोन भाकरी आधी करते. एवढीच गोष्ट.

पहिल्या दिवशी तिला न सांगता कॅमेरा लावला आणि जे मिळालं ते बघून माझेच डोळे भरले. पण मागून फ्रीजची घरघर. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आजी, कालच्यासारखंच कर." तर तिनं नवं लुगडं नेसलं, केस विंचरले आणि भाकरी थापताना दर थापेला कॅमेऱ्याकडं बघायला लागली. पाच दिवस प्रयत्न केला, तो पहिला दिवस परत आला नाही.

त्यामुळं वाटतं, आपल्याला शिकायलाच पाहिजे. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत वर्षाचा कोर्स आहे, फी साडेचार लाख. वडील म्हणतात, दोन म्हशी विकू, बँकेतली पावती मोडू, तू जा. ते एका शब्दानं नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, कारण आता निर्णय माझ्यावर आलाय. कोर्स करू, की सरळ मुंबईला जाऊन कुणाला असिस्ट करू?

क्लॅपवाला

बारा वर्षं असिस्टंट डिरेक्टर म्हणून काम करतोय, चित्रपट आणि मालिका दोन्ही. आधी आजीचं बोलू, मग पैशाचं.

लग्नात दुसरा टेक नसतो. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, हुकलं ते हुकलं. त्यामुळं घडणारी गोष्ट नेमकी पकडायला तू चांगला शिकला आहेस. तुला जमलं नाही ते पुढचं काम : तीच गोष्ट परत घडवून आणणं, चार वेळा, चार कोनांतून. "कालच्यासारखं कर" असं म्हणलास की माणूस काल आपण कसे दिसलो असू याचा विचार करतो. मोठमोठ्या नटांचंही असंच होतं. आजीला आठवायला लावू नकोस, काम दे. पीठ मुद्दाम थोडं सैल मळून ठेव, म्हणजे भाकरी सांभाळण्यातच तिचं लक्ष जाईल. लाकूड जरा ओलं दे. धूर झाला की ती फुंकणी हातात घेईल, तुझ्याकडं बघायला तिला सवड मिळणार नाही.

आणि मोजायला शीक. असिस्टंटचं निम्मं काम मोजण्याचं असतं. लांबच्या शॉटमध्ये टोपल्यात दोन भाकरी, जवळच्या शॉटमध्ये चार, मग परत तीन, असं झालं की एडिटला रडशील. दर शॉट संपला की मोबाइलवर फोटो काढ : टोपलं, चुलीतल्या लाकडाचं टोक किती आत, तिचा पदर कोणत्या खांद्यावर, बांगड्या मनगटावर की कोपराकडं सरकवलेल्या. माझ्या पहिल्या चित्रपटात हिरोईनच्या कपात चहा कितपत होता हे मी लिहून ठेवलं नव्हतं. त्यापायी अख्खा सीन दुसऱ्या दिवशी परत लावावा लागला. लाईट दादांनी पहाटे उभा केलेला सगळा सेटअप पुन्हा उभा केला, एकानंही मला शब्द ऐकवला नाही. ती सकाळ आजही अंगावर येते.

मुंबईचं सांगतो. पहिल्या चित्रपटाचं ४० दिवसांचं शेड्यूल वाईकडं होतं. दर शॉटआधी पाटी धरून क्लॅप देत होतो, निम्मे पैसे मिळाले. उरलेल्यांसाठी निर्मात्यानं नंतर फोन उचलणं बंद केलं, कारण माझ्याकडं कागद नव्हता. जाशील तेव्हा लेखी घेऊन जा, आणि सहा महिन्यांचं भाडं हाताशी असल्याशिवाय जाऊ नकोस. त्याआधी सोलापूर-पंढरपूर भागात एखादं युनिट आलं तर स्थानिक असिस्टंट म्हणून चिकट. तुला भाषा येते, माणसं ओळखीची आहेत, गाड्या कुठं मिळतात ठाऊक आहे. युनिटला असा माणूस लागतोच.

म्हशी विकू नका.

कानोसा

मी साउंड रेकॉर्डिस्ट. तुझ्या फिल्मची गोष्ट गाडीच्या शिट्टीवर उभी आहे आणि तू आवाजाचा विचार शेवटी केलास, म्हणून लिहितेय.

फ्रीज बंद करायचा. बंद करताना तुझ्या मोटरसायकलची किल्ली आत ठेवायची, म्हणजे निघताना परत चालू करायचा विसरणार नाहीस. आम्ही सगळे हेच करतो. माइक कॅमेऱ्यावर लावू नकोस. रंगाऱ्याच्या रोलरची लांब काठी घे, तिच्या टोकाला बांध आणि फ्रेमच्या जेमतेम वर धर. शूट संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड कर. याला रूम टोन म्हणतात. दोन शॉट जोडताना मधली भोकं त्यानंच भरायची.

शिट्टी स्टेशनवर जाऊन घेऊ नकोस, तिथं ती फार मोठी आणि कोरडी येईल. आजी झोपते तिथंच, तिच्या उशाशी माइक ठेवून पहाटे घे. भिंतीतून, झाडांतून गाळून येणारी, नऊ वर्षं ती ऐकते तीच शिट्टी हवी.

प्रभातवाला

एफटीआयआयमधून, म्हणजे पुण्यातल्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमधून, दिग्दर्शन केलंय. तुझ्याकडं पदवी आहे, तेव्हा प्रवेश परीक्षा देता येईल. दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा कोर्स तीन वर्षांचा, सरकारी. जागा मोजक्या, म्हणून एका वर्षात नंबर नाही लागला तर खचू नकोस. तेवढा वेळ नसेल तर तिथले छोटे कोर्स बघ, आणि उन्हाळ्यातला फिल्म अॅप्रिसिएशनचा जमेल तर नक्की कर. सिनेमा कसा बघायचा हे मला तिथं कळलं. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभातच्या स्टुडिओतच १९६० साली ही संस्था सुरू झाली. त्या आवारात नुसतं फिरलास तरी हुरूप येतो.

पण संस्था हे एकच दार नव्हे. 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. त्याचे दिग्दर्शक रोहन कानवडे कुठल्याच फिल्म स्कूलमध्ये गेलेले नाहीत. मंजुळेंनी नगरला शिकताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढचा रस्ता खुला झाला. त्याही आधी, १९१२ साली, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचा वेल एकेक फ्रेम टिपला आणि ती चिमुकली फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. दाखवायला हातात काहीतरी लागतं. तुझ्या आजीची ११ मिनिटं नीट झाली तर ती घेऊन कुठंही जाता येईल.

कुर्डुवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्यातल्या त्या संस्थेला 'येत नाही' असं कळवलं. वडिलांना सांगितलं तर काही बोलले नाहीत, गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथंच होते.

कानोसाताई, आज पहाटे आजीच्या उशाशी माइक ठेवून बसलो. शिट्टी आली. आधी कुत्रं भुंकतं, मग शिट्टी, मग आजीच्या बाजेची करकर, हा क्रम मी घरात राहून कधी ऐकलाच नव्हता. क्लॅपवाला दादा, पीठ सैल मळून ठेवलं होतं. पहिलीच भाकरी हातात फाटली, तर आजीनं मला शिव्या घातल्या, आणि त्या नादात तीन टेक झाले. एकदाही वर बघितलं नाही. टोपल्याचे फोटो काढलेत.

एफटीआयआयचा फॉर्म भरणार आहे. तोवर हीच फिल्म पहिल्यापासून परत शूट करतोय. आत्ता आजी विचारत होती, "उद्या पण करायचंय का? मग जवारी जास्तीची दळून आण."