उत्तरेच्या उजेडात हस्तिदंतीच बरा

हॉलच्या भिंतींना हस्तिदंती द्यावा की राखाडी झाकेचा ऑफ-व्हाइट, असं तुम्ही विचारलंत. शेडकार्डावर, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या कार्डावर, दोन्ही जवळपास सारखेच दिसतात हे खरं, पण भिंतीवर तसं राहत नाही. तुमच्या हॉलची खिडकी उत्तरेला आहे. तिथला उजेड निळसर असतो, त्यात राखाडी झाक पावसाळ्यात फारच उदास वाटते. माझं मत हस्तिदंतीला.

तरी आधी दोन्हींचे छोटे डबे आणा, ड्रॉइंगशीटवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि ते कागद खिडकीशेजारी, सोफ्यामागे, कोपऱ्यात लावून बघा. थेट जुन्या भिंतीवर पट्टे नकोत, आजूबाजूचा रंग डोळ्याला फसवतो. रात्रीही बघाच! ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्या एलईडीत आणि ३००० च्या पिवळसर दिव्यात तोच रंग वेगळा दिसतो. आमच्याकडे नुसते दिवे बदलले, तर भिंतच बदलल्यासारखी वाटली.