केमो-रेडिएशन लागू पडेल का, हे आधीच तपासायला नको?

सायली: बाबांना गुदाशयाचा कर्करोग. रेडिएशनचे २८ दिवस, सोबत कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या. शेवटी शेवटी त्यांना खुर्चीत बसवत नव्हतं, एका कुशीवर कलून जेवायचे. नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ जवळपास होती तेवढीच. याच उपचाराने १०० पैकी साधारण १५ ते २० जणांची गाठ पूर्ण विरघळते म्हणे. मग गाठीतली पी५३, केआरएएस ही जनुकं, रक्तातलं सीईए हे प्रथिन, असे बायोमार्कर (गाठ कशी वागेल याचा अंदाज देणाऱ्या खुणा) आधीच बघून ठरवत का नाहीत? माझं ठाम मत आहे, प्रत्येकाची ही तपासणी झालीच पाहिजे.

मंदार: वाचून फार वाईट वाटलं ताई. तरीही मी विरोधात आहे. मी पॅथॉलॉजीत आहे. आमच्या हाती बायोप्सीचा तुकडा येतो तो टाचणीच्या डोक्याएवढा. त्याच गाठीच्या दुसऱ्या टोकाच्या पेशी वेगळं वागू शकतात. पी५३चं म्हणाल, तर एका अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. सीईए ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असलं की प्रतिसाद कमी मिळतो असं बऱ्याचदा दिसतं, पण सिगारेट ओढणाऱ्यांचं ते एरवीही वाढलेलं असतं. अशा आकड्यावर कुणाचं रेडिएशन टाळलं आणि तो नेमका त्या १५-२० जणांतला असला तर?

नेहा: मंदार, पण सगळे मार्कर एकाच मापाने मोजू नका. एमएमआरचं काय? गुदाशयाच्या ५ ते १० टक्के गाठींत ही डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाने २०२२ मध्ये अशा १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीशी लढायला लावणारं) औषध दिलं. बाराही जणांच्या गाठी दिसेनाशा झाल्या. रेडिएशन नाही, शस्त्रक्रिया नाही, पोटावर शौचाची पिशवी नाही!

मंदार: एमएमआर सगळ्यांचं व्हायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण ते इम्युनोथेरपी कुणाला द्यायची ते सांगतं. सायलीताईंचा प्रश्न उरलेल्या ९० टक्क्यांचा आहे, आणि त्यांच्यासाठी भरवशाचा मार्कर आज नाही.

सायली: आत्ता बाबांची फाईल उघडून बसले. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एमएमआरचा उल्लेखच नाही. उद्या डॉक्टरांना विचारते, तो जुना तुकडा ठेवलेला असतो का?

मंदार: मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. त्यावरच तपासणी होते. नक्की विचारा.